अपग्रेडनंतर रोज सकाळी दुसरी स्क्रीन बिघडते? आधी मॉनिटरची पिन कुठे खोचलीय ते बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे वर्षभर माहीत होतं. तरी आमच्या ऑफिसातली चारही मशीन विंडोज ११ वर न्यायला १२ तारखेचा रविवार उजाडावा लागला. आमचं काम सांगलीतल्या अडत्यांचे हिशोब लिहायचं. गणपती पेठेत छोटं ऑफिस आहे, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीची बिलं, रोज येतात, त्यांच्या एंट्र्या करायच्या आणि जीएसटी भरायचा. एका स्क्रीनवर टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर जीएसटीचं पोर्टल. ही जोडी नसेल तर एका विंडोतून दुसरीत उड्या मारताना आकडा हमखास चुकतो.

सोमवारी सकाळी मशीन चालू केलं. डावीकडचा चोवीस इंची नवा मॉनिटर व्यवस्थित. उजवीकडचा जुना एकोणीस इंची मात्र सुजल्यासारखा. अक्षरं जाडजूड, चिन्हं आडवी ताणलेली, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८. वर गंमत म्हणजे माउस उजवीकडे ढकलला तर काठाला अडकायचा आणि डावीकडे ढकलला तर उजव्या स्क्रीनवर निघायचा. दहा मिनिटं सेटिंग्जमध्ये खटपट करून सगळं जागेवर आणलं. मंगळवारी सकाळी पुन्हा तेच. बुधवारी तेच. अपग्रेडला शिव्या घालून आम्ही रोजची दहा मिनिटं त्यालाच देऊ लागलो.

११ नोव्हेंबरला जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख, आणि त्या सकाळी पोर्टलची विंडो कुठल्याच स्क्रीनवर दिसेना. खाली टास्कबारवर आहे, क्लिक केलं की जिवंत असल्याची खूण देते, पण समोर येत नाही. त्या दिवशी मात्र ठरवलं, की याचा छडा लावायचाच.

आधी रोग कुठला ते ठरवा

"दुसरी स्क्रीन गेली" असं आपण म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळी दुखणी असतात आणि तिघांचं औषध वेगळं. बहुतेकांची अर्धी मेहनत एकाचं औषध दुसऱ्याला लावण्यात जाते. माझीही गेली.

सेटिंग्ज उघडा, त्यात सिस्टिम, त्यात डिस्प्ले. वर मॉनिटरचे चौकोन दिसतात. चौकोन एकच असेल तर कॉम्प्युटरला दुसरा मॉनिटर दिसतच नाहीये. चौकोन दोन आहेत पण आकार किंवा जागा चुकलीय, तर मॉनिटर दिसतोय पण ओळख पटलेली नाही. चौकोन दोन, आकार बरोबर, जागा बरोबर, आणि तरी विंडो भलतीकडे जाऊन बसतात, तर मॉनिटरचा काही दोष नाही, प्रश्न विंडोंच्या जागेचा आहे.

पहिल्या प्रकारात आधी विंडोज की आणि पी दाबा. प्रोजेक्शनचे चार पर्याय येतात, त्यात एक्स्टेंड निवडलेलं आहे ना बघा. अपग्रेडनंतर ते कधीकधी "पीसी स्क्रीन ओन्ली" वर असतं आणि आपण उगाच केबल हलवत बसतो. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, बीप वाजतो, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र काढणारा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो. उघडलेलं काम जात नाही, घाबरू नका. त्यानेही नाही झालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनला जोडलेल्या भागांच्या यादीत, डिस्प्ले ॲडॉप्टर्स उघडा. तिथे तुमच्या ग्राफिक्सचं नाव असण्याऐवजी "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर" असं दिसलं तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. हा कामचलाऊ ड्रायव्हर साधारणपणे एकच स्क्रीन चालवतो. मशीनच्या किंवा ग्राफिक्सच्या कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ चा ड्रायव्हर उतरवून टाका, मॉनिटर हजर होईल. उलट अपग्रेडनंतर काही दिवस नीट चालून मग एखाद्या अपडेटपासून बिघडलं असेल, तर त्याच ठिकाणी प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक ड्रायव्हर.

माझं दुखणं दुसऱ्या प्रकारचं होतं. ते मला कळलं डिव्हाइस मॅनेजरमधल्या मॉनिटर्स या ओळीवरून. चांगल्या दिवशी तिथे दोनदा "जेनेरिक पीएनपी मॉनिटर" लिहिलेलं असायचं. वाईट दिवशी एक तसंच आणि दुसरं "जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर". पीएनपी म्हणजे प्लग अँड प्ले, लावलं की ओळख पटणारा. सगळी मेख त्या "नॉन" मध्ये आहे. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात त्याची एक छोटी कुंडली असते, ईडीआयडी म्हणतात तिला: कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, कुठलं रिझोल्यूशन झेपतं. कॉम्प्युटर केबलमधून ती वाचतो. वाचता आली नाही तर तो समोर कुणीतरी अनोळखी बसलाय असं समजून जपून वागतो आणि १०२४ बाय ७६८ सारखं सगळ्यांना चालणारं काहीतरी देतो.

डावं-उजवं उलटं का व्हायचं, तेही यातच. विंडोज मॉनिटरांच्या प्रत्येक जोडीची मांडणी वेगळी लक्षात ठेवतो. नवा आणि जुना ही एक जोडी, तिची मांडणी मी लावलेली. नवा आणि अनोळखी ही त्याच्या दृष्टीने दुसरीच जोडी, तिची मांडणी मी कधी लावलेलीच नाही. मी रोज सकाळी ज्या दहा मिनिटांत दुरुस्ती करत होते, ती कधी या जोडीची, कधी त्या जोडीची.

पट्टीच्या मागची नोंद

मिरजेहून आमच्याकडे मेंटेनन्सला एक मुलगा येतो. हुशार आहे, पण त्याचा पहिला उपाय नेहमी ड्रायव्हर. "ताई, लेटेस्ट टाकतो, होऊन जाईल." टाकला. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा सूज. मग त्याने जुना टाकला. पुन्हा तेच. "ताई, मॉनिटर म्हातारा झालाय, नवा घेऊन टाका."

नवा घ्यायला सर तयार नव्हते, आणि मलाही पटत नव्हतं, कारण एकदा जागेवर आला की तो दिवसभर कुरकुर करत नव्हता. म्हातारा असता तर दुपारीही खोकला असता. म्हणून चुकीच्या छापलेल्या पट्ट्यांच्या कोऱ्या बाजूवर मी रोज लिहायला लागले: किती वाजता मशीन लावलं, कोण आधी आलं, स्क्रीन कशी होती. तेरा दिवसांत दहा वाईट, तीन चांगले. तीन चांगल्यांपैकी दोन दिवस सलग, तेव्हा ऑफिसची झाडलोट करणाऱ्या आमच्या मावशी विट्याला लेकीकडे गेल्या होत्या. तिसऱ्याच्या आदल्या रात्री मी एकटीच उशिरापर्यंत बसले होते आणि ऑफिस मीच बंद केलं होतं.

मावशी संध्याकाळी झाडून झालं की भिंतीवरचा बोर्ड बंद करून जातात. "रातभर लाल लाइट जळतोय, कुणासाठी ओ?" हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ आहे. सकाळी फरशी पुसून, देवाला उदबत्ती लावून मग त्या बोर्ड चालू करतात. तोवर माझं मशीन चालू होऊन पाच मिनिटं झालेली असतात, कारण मशीन यूपीएसवर, म्हणजे लाइट गेल्यावर चालणाऱ्या बॅटरीच्या डब्यावर आहे.

पण मॉनिटरही यूपीएसवर होते! निदान माझ्या समजुतीप्रमाणे. टेबलाखाली वाकून पिना मोजल्या. यूपीएसमध्ये मशीन आणि नवा मॉनिटर. जुन्याची वायर कपाटाच्या मागून भिंतीवरच्या बोर्डात गेलेली. अपग्रेडच्या रविवारी मध्येच लाइट गेली होती, इन्स्टॉलेशन अर्धवट, यूपीएस ओरडायला लागला, तेव्हा बॅटरीवरचा भार कमी करायला त्या मुलाने जुन्या मॉनिटरची पिन काढली होती. लाइट आल्यावर जवळच्या बोर्डात खोचली. त्याची चूक म्हणता येणार नाही, त्या क्षणाला ते शहाणपणाचंच होतं. पण पिन तिथेच राहिली, आणि आम्ही महिनाभर विंडोज ११ ला बोल लावत राहिलो.

म्हणजे रोज सकाळी मशीन जागं व्हायचं तेव्हा जुन्या मॉनिटरला करंटच नसायचा. कुंडली विचारली, उत्तर नाही, अनोळखी म्हणून नोंद. पाच मिनिटांनी मावशी बोर्ड लावायच्या, मॉनिटर उजळायचा, पण तोवर त्याचं बारसं होऊन गेलेलं.

पिन यूपीएसमध्ये लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज नाही. अपग्रेडनंतर काही बिघडलं तर त्या दिवशी मशीनच्या आसपास आणखी काय हललं, हे आधी आठवा. अपग्रेडच्या निमित्ताने टेबल सरकतं, केबल निघतात, कुणीतरी दुसऱ्याच पोर्टात लावतो, आणि बिल मात्र सॉफ्टवेअरच्या नावावर फाटतं. ग्राफिक्स कार्ड वेगळं बसवलेलं असेल तर केबल कार्डाच्या पोर्टात आहे की मदरबोर्डच्या, तेही मागे जाऊन बोटाने चाचपून बघा.

कन्व्हर्टरचं प्रकरण

पण मला मुळाशी जायचं होतं. करंट नसताना बरेच मॉनिटर आपली कुंडली देऊ शकतात, कारण ती वाचण्यापुरती वीज केबलमधूनच येते. आमचा का देत नव्हता? कारण तो व्हीजीएच्या निळ्या केबलने एका स्वस्त कन्व्हर्टरमधून मशीनच्या डिस्प्लेपोर्ट नावाच्या पोर्टाला जोडलेला होता. व्हीजीए हा ॲनालॉग सिग्नल, मशीन बोलतं डिजिटल, मध्ये दुभाषा. हा दुभाषा चित्र पोचवतो, पण कुंडलीचा निरोप पोचवेलच असं नाही. शिवाय निळ्या केबलच्या नवव्या पिनेतून ती छोटी वीज जायला हवी, आणि बऱ्याच स्वस्त केबलांत ती पिन जोडलेलीच नसते.

हा कन्व्हर्टर आला कुठून, याची गोष्ट २०१९ च्या पुरापर्यंत जाते. त्या ऑगस्टमध्ये पेठेत पाणी चढत होतं तेव्हा आम्ही मशीन, मॉनिटर, वह्या सगळं वरच्या मजल्यावर हलवलं. मॉनिटर वाचले, केबलांची पिशवी खालीच राहिली. नंतर जे मिळालं ते लावून काम सुरू केलं, आणि तात्पुरतं म्हणून लावलेलं सहा वर्षं राहिलं.

मॉनिटर उलटा करून पाहिला तर निळ्या सॉकेटशेजारी धूळ बसलेलं पांढरं डीव्हीआय सॉकेट. एचडीएमआय आणि डीव्हीआय डी यांचा चित्राचा सिग्नल एकच असतो, त्यामुळे मध्ये दुभाषा लागत नाही, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डीव्हीआय अशी साधी केबल पुरते. आवाज जात नाही, पण आमच्या जुन्या मॉनिटरला तोंडच नाही. केबल मागवली, जुना मॉनिटर एचडीएमआयला, नवा डिस्प्लेपोर्टला. त्यानंतर मुद्दाम एकदा जुन्याची पिन काढून मशीन चालू केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "नॉन" आलं नाही. अक्षरंही आधीपेक्षा टोकदार दिसायला लागली, हा वरकड नफा.

जेवणाच्या सुट्टीतला नवा घोळ

आता नवा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर आला आणि तिसऱ्या प्रकारचं दुखणं सुरू झालं. मावशींचं ऐकून ऐकून मलाही जेवायला उठताना मॉनिटरचं बटण दाबायची सवय लागलीय. परत येऊन पाहते तर टॅली गायब. शेजारच्या टेबलावर सरांचंही तसंच झालं, ते तर ओरडलेच, "अहो, व्हाउचर गेलं सगळं!" काही गेलं नव्हतं. डिस्प्लेपोर्टवरचे बरेच मॉनिटर बटणाने बंद केले की केबल उपटल्यासारखा इशारा जातो. कॉम्प्युटर समजतो मॉनिटर काढून नेला. एचडीएमआयवर सहसा असं होत नाही, म्हणून केबल बदलेपर्यंत हे आमच्या वाट्याला आलं नव्हतं.

विंडोज ११ मध्ये यावर टिक करायच्या दोन चौकटी आहेत. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज. "रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन" ही चालू असेल तर मॉनिटर परतल्यावर विंडो आपापल्या जागी येतात. "मिनिमाइझ विंडोज व्हेन अ मॉनिटर इज डिस्कनेक्टेड" ही चालू असेल तर गेलेल्या मॉनिटरवरच्या विंडो खाली टास्कबारवर मिटून बसतात, आणि बंद असेल तर उरलेल्या स्क्रीनवर येऊन गर्दी करतात. सरांना मिटलेली विंडो म्हणजे बंद झालेली विंडो वाटते, म्हणून त्यांच्या मशीनवर दुसरी टिक काढली. माझ्याकडे दोन्ही ठेवल्यात. काही मॉनिटरांच्या स्वतःच्या मेनूत डीप स्लीप असा पर्याय असतो, तो बंद केला की निम्मा त्रास जातो. नाहीतर सरळ बटण दाबणं सोडा, विंडोज की आणि एल दाबून उठा, स्क्रीन थोड्या वेळाने आपोआप झोपते.

११ तारखेला हरवलेली ती पोर्टलची विंडो? मांडणी उलटल्यावर ती जिथे कुठली स्क्रीनच नाही अशा जागी अडकली होती. अशी विंडो टास्कबारवर क्लिक करून निवडायची आणि विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबायचा, ती पुढच्या स्क्रीनवर उडी मारते. मला हे ठाऊक असतं तर त्या दिवशी मशीन तीनदा रीस्टार्ट केलं नसतं. बाणाने नाही हलली तर ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग एखादा बाण एकदा दाबून माउस हलवायचा; विंडो पाठोपाठ येते.

तासगावच्या शेठचा डॉक

हे सगळं मी आमच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना फोनवर सांगत होते, तर ते म्हणाले, "ताई, माझं तर यातलं काहीच नाही, दोन्ही स्क्रीन काळ्याठिक्कर, पण माउस-कीबोर्ड चालतोय." त्यांच्याकडे लॅपटॉप आहे आणि यूएसबीचा डॉक, म्हणजे एकाच केबलने लॅपटॉपला जास्तीचे पोर्ट देणारा डबा, त्यालाच दोन मॉनिटर. ही वेगळी जात आहे. काही डॉक चित्र सरळ ग्राफिक्समधून घेत नाहीत, स्वतःच्या चिपमधून यूएसबीवरून काढतात, आणि त्यांना स्वतःचा ड्रायव्हर लागतो. माउस-कीबोर्डला तो लागत नाही, म्हणून ते चालतात. डॉक उलटा करून मॉडेल नंबर वाचा आणि बनवणाऱ्याच्या साइटवरून विंडोज ११ चा ड्रायव्हर घ्या. शेठचं अर्ध्या तासात झालं.

मग त्यांची दुसरी तक्रार: मोठ्या स्क्रीनवर सॉफ्टवेअर चष्मा काढल्यासारखं धूसर. लॅपटॉपचं स्केल, म्हणजे अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ते प्रमाण, १५० टक्के, बाहेरच्या मॉनिटरचं १००. जुन्या धाटणीची सॉफ्टवेअर एका स्केलवर उघडतात आणि दुसऱ्यावर नेली की विंडोज त्यांचं चित्र ताणतो किंवा दाबतो. त्या सॉफ्टवेअरच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, खालची ओव्हरराइडची टिक, आणि यादीत "सिस्टिम एन्हान्स्ड" किंवा "ॲप्लिकेशन". कुठलं बरं दिसतं ते करूनच कळतं. दोन्ही स्क्रीनचं स्केल सारखं ठेवता आलं तर याची गरजच पडत नाही.

उरलेलं किरकोळ

माउस दोन स्क्रीनच्या मध्ये काठाला थडकतो, ही तक्रार मला आजही कुणीतरी करतंच. माझ्या नव्या मॉनिटरची उंची १०८० पिक्सेल, जुन्याची ९००. चौकोन वरच्या कडेला जुळवले तर खाली १८० पिक्सेलची भिंत उरते, खाली जुळवले तर वर. टेबलावर मॉनिटर जसे उभे आहेत तसेच चौकोन माउसने ओढून ठेवा आणि "ईज कर्सर मूव्हमेंट बिटवीन डिस्प्लेज" वर टिक करा.

टास्कबार दुसऱ्या स्क्रीनवर दिसत नसेल तर पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स, "शो माय टास्कबार ऑन ऑल डिस्प्लेज". घड्याळ सुरुवातीच्या विंडोज ११ मध्ये फक्त मुख्य स्क्रीनवर होतं, २०२२ च्या अपडेटनंतर ते दुसरीकडेही आलं. सरांना टास्कबार डाव्या कडेला उभा हवा असतो, विंडोज १० मध्ये होता तसा. आमच्या मशीनवर डावं किंवा मध्य एवढीच निवड मिळते, तीही चिन्हांची. त्यावर ते अजून रुसलेले आहेत.

सकाळी बिघडतं आणि रीस्टार्ट केलं की सुधारतं, असं असेल तर फास्ट स्टार्टअपवर संशय घ्या. शटडाउन केल्यावर विंडोज खरंतर पूर्ण बंद होत नाही, आतला काही भाग जसाच्या तसा जपून ठेवतो आणि सकाळी तोच उचलतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", तिथली फास्ट स्टार्टअपची टिक काढून चार दिवस बघा. एकदाच तपासायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा.

एवढं करूनही मांडणी बिघडतच राहिली तर मग रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची वही. एचकेएलएम (एचकी लोकल मशीन) खाली सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, ग्राफिक्सड्रायव्हर्स या वाटेवर कॉन्फिगरेशन आणि कनेक्टिव्हिटी या दोन कीमध्ये जुन्या सगळ्या जोड्यांची आठवण साठलेली असते, अगदी तीन वर्षांपूर्वी एकदा लावलेल्या टीव्हीचीसुद्धा. आधी ग्राफिक्सड्रायव्हर्सची एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा, मग या दोन काढून रीस्टार्ट. विंडोज पाटी कोरी करून समोर असलेल्या मॉनिटरांची नव्याने ओळख करून घेतो. मला हे करावं लागलं नाही, शेजारच्या मशीनवर केलं.

यूपीएसमध्ये गेलेल्या त्या पिनेवर मी लाल टेप गुंडाळलाय. मावशींनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "ही बंद करायची न्हाई म्हणजे न्हाईच का?" न्हाईच म्हटलं. त्यावर त्यांनी छताकडे बोट दाखवलं. आदल्या रात्री ऑफिस मीच बंद केलं होतं, आणि पंखा रात्रभर फिरत होता.